अवयव गमावलेलं पात्र लिहिताना आधी त्याचा दिवस लिहा

दिवाळी अंकांसाठी आणि कथास्पर्धांसाठी आलेल्या कथा मी वाचते. त्यांत पाय किंवा हात गेलेलं पात्र आलं की पुढचं बहुतेक वेळा आधीच कळतं. पहिल्या पानावर अपघात, मग हॉस्पिटल, मग खिडकीतून दिसणारा पाऊस, आणि शेवटी ते पात्र एकतर शर्यत जिंकतं किंवा गोदावरीत उडी घेतं. मधल्या काळात हा माणूस आंघोळ कशी करतो, बसच्या पायऱ्या कशा चढतो, कामावर परत घेतलं का, बायकोशी कशावरून भांडतो, याचा पत्ताच नसतो. अपघात दोन-चार सेकंदांत होऊन जातो. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं माणसाला जगायची असतात आणि कथेला लागणारा सगळा ऐवज त्या वर्षांत असतो.

ती वर्षं कशी लिहायची, त्याचा हा क्रम. उदाहरणं नाशिकची घेतली आहेत, कारण इथली माणसं आणि इथले जिने मला माहीत आहेत.

१. आधी त्याला काय हवं आहे ते ठरवा

समजा पात्राचं नाव रवी. वय चौतीस, पंचवटीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान, डावा पाय गुडघ्याखाली नाही. एवढ्यावर कथा होत नाही. आता असं धरा की रवीला राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकाची प्रकाशयोजना करायची आहे आणि दिग्दर्शक ती दुसऱ्या कुणाला तरी देतोय. आता कथा आहे.

पायाचं काय, तर तो आपोआप कथेत येतो. कालिदास कलामंदिरात दिवे टांगायला शिडी चढावी लागते. कृत्रिम पावलाला शिडीची दांडी जाणवत नाही, म्हणून रवी प्रत्येक पायरीला खाली बघून पाऊल ठेवतो. ब्लॅकआउटमध्ये त्याची पंचाईत होते, कारण पावलातून न मिळणारी माहिती तो डोळ्यांनी मिळवत असतो आणि अंधारात तीही बंद होते. दिग्दर्शक म्हणतो, ‘तुझ्या काळजीपोटीच म्हणतोय रे.’ रवीला राग कशाचा येतो, अंधाराचा की या काळजीचा? हे ठरवताना पात्र उभं राहतं. त्याची इच्छा पायाशी जोडलेली नसली तरी चालेल, किंबहुना नसलेलीच बरी. कर्ज, बहिणीचं लग्न, शेजारणीवरचं प्रेम, गाळ्याचं भाडं, काहीही चालेल.

२. काय गेलं, कुठून गेलं, कशामुळे, कधी

ही चार उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. डावा की उजवा हेही तिथेच लिहा. तिसऱ्या प्रकरणात पाय बदललेल्या कादंबऱ्या मी वाचल्या आहेत. बाजूचे परिणाम खरे असतात. गिअरच्या मोटरसायकलवर डावा पाय गिअर टाकतो आणि उजवा ब्रेक दाबतो. म्हणून रवीने मोटरसायकल विकून बिनगिअरची स्कूटर घेतलेली असणार.

कारण ठरवताना रेल्वे आणि ट्रक यांच्या पलीकडे बघा. सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर बोटं जातात. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालू नये अशी सोय असते, पण उत्पादन वाढवायला एक बटण कायमचं दाबून ठेवलं जातं आणि मोकळा हात डायखाली, म्हणजे दाबणाऱ्या साच्याखाली, जातो. शेतात कडबा कुट्टी, मळणी यंत्र आणि रोटाव्हेटर आहेत, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक आहे. मधुमेहात पायाची संवेदना जाते. चैत्रात सप्तशृंगी गडावर अनवाणी चालत जाणाऱ्या माणसाला डांबरी रस्त्याचा चटका कळतच नाही, फोड येतो, तो चिघळतो, आणि आधी एक बोट, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय अशा टप्प्यांनी शस्त्रक्रिया होतात. बिडी-तंबाखू सुटत नसलेल्या तरुण माणसाला बर्गरच्या आजारात रक्तवाहिन्या बंद होऊन बोटं काळी पडायला लागतात. काहींच्या बाबतीत कॅन्सर असतो. देवळालीच्या तोफखान्याच्या गावात एखादं पात्र फौजी असू शकतं. त्याचा कृत्रिम पाय बहुधा पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमधून आलेला असेल. लष्कराची ही संस्था १९४४ पासून आहे.

कारण बदललं की मनही बदलतं. प्रेसवरच्या कामगाराच्या डोक्यात भरपाईची केस असते आणि ‘माझीच चूक होती का’ हा प्रश्न असतो. मधुमेहाचा माणूस उरलेल्या पायाच्या भीतीत जगतो, रोज रात्री बायकोकडून तळवा बघून घेतो. कॅन्सर झालेल्याला दर तपासणीआधी झोप लागत नाही. आणि जन्मतःच हात नसलेल्या मुलीने काही गमावलेलं नसतं. तिच्या तोंडी हरवलेल्या हाताचं दुःख घालू नका, तिला तिचं शरीर असंच माहीत आहे.

कुठून कापलं, हा प्रश्न लेखकाला बारीक वाटतो, पण अर्धी कथा त्यावर ठरते. स्वतःचा गुडघा शिल्लक असेल तर माणूस सरावाने जिना चढतो, सायकल चालवतो, गर्दीत कुणाला कळतही नाही. पाय मांडीतून गेला असेल तर प्रत्येक पाऊल कंबरेतून टाकावं लागतं, दमछाक कितीतरी जास्त होते आणि उतारावर गुडघ्याचा सांधा अचानक दुमडण्याची धास्ती असते. दोन्ही पाय गेले असतील तर ती वेगळीच कथा आहे. अशी बरीच माणसं घरात जमिनीवर हातांच्या जोरावर फिरतात आणि बाहेर व्हीलचेअर वापरतात.

‘कधी’चं उत्तर तर सगळ्यांत महत्त्वाचं. पहिल्या काही आठवड्यांत टाके, सूज आणि बँडेज असतं. उरलेल्या पायाला, ज्याला सगळे ‘स्टंप’ म्हणतात, क्रेप बँडेज घट्ट बांधून आकार द्यावा लागतो. गुडघ्याखाली उशी घेऊ नका म्हणून फिजिओथेरपिस्ट रोज ओरडतात, कारण गुडघा वाकलेला आखडला तर पुढे कृत्रिम पाय बसत नाही. जखम नीट भरल्यावर, म्हणजे सगळं सुरळीत असेल तर साधारण दीड-दोन महिन्यांनी, पहिल्या कृत्रिम पायाचं माप घेतात. मधुमेहात याला बराच जास्त वेळ लागतो. त्यानंतरही वर्षभर स्टंप बारीक होत राहतो, पहिलं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो वरचा भाग, सैल पडतं आणि नवं करावं लागतं. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात नायक गरबा खेळताना दाखवला की जाणता वाचक अंक मिटवून ठेवतो.

३. साधन ओळखून घ्या

आपल्याकडे कृत्रिम पाय म्हणजे जयपूर फूट, असं बोलताना सर्रास म्हणतात. तो १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातातून आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या वैद्यकीय मार्गदर्शनाखाली तयार झाला. बाहेरचे पाय बुटात घालायला केलेले होते. आपली माणसं अनवाणी देवळात जातात, उकिडवी बसतात, मांडी घालून जेवतात, चिखलात भात लावतात, हे डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी रबराचं पाऊल बनवलं. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय विनामूल्य बसवते. शिबिरांतून असे पाय मिळवलेली माणसं खेडोपाडी भेटतात.

पण रवीचा पाय जयपूर फूटच असेल असं नाही. कार्बन फायबरचं पाऊल, स्टंपवर चढवायचं सिलिकॉनचं लायनर, संगणकावर चालणारा गुडघा, हे सगळं आज मिळतं आणि किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पात्राच्या खिशाला परवडेल तेच द्या. मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या पायात परदेशी बायोनिक गुडघा घातलात तर तो पैसा कुठून आला हे सांगावं लागेल.

पायाचे भाग थोडक्यात असे: वर सॉकेट, ज्यात स्टंप बसतो. त्याखाली नळी, खाली पाऊल, आणि पाय मांडीतून गेला असेल तर मध्ये गुडघ्याचा सांधा. सगळी मदार सॉकेटवर असते. ते नीट बसलं नाही तर कितीही महाग पाऊल व्यर्थ.

माझ्या मामांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. सकाळी पलंगाच्या कडेला बसून ते आधी स्टंपवरची कातडी आरशात सगळीकडून बघतात, कुठे लाल झालंय का. मग सुती मोजा चढवतात, एकही सुरकुती राहू देत नाहीत, कारण ती सुरकुती दुपारपर्यंत फोड करते. पाय घालून उभं राहिल्यावर टाच दोनदा जमिनीवर आपटतात. दुपारी स्टंप थोडा आकसतो, सॉकेट खडखडायला लागतं, तेव्हा कुठेतरी आडोसा बघून आणखी एक मोजा घालतात. शर्टाच्या खिशात पेन असावं तसा त्यांच्या पिशवीत कायम एक जास्तीचा मोजा असतो. कथेतल्या माणसाला हा मोजा द्या. लग्नाच्या मांडवात मोजा बदलायला जागा शोधणं, एवढ्यावर एक अख्खा प्रसंग उभा राहतो.

हाताचं गणित वेगळं आहे. एक हात गेलेली पुष्कळ माणसं कृत्रिम हात वापरतच नाहीत. कोपराखालच्या स्टंपला स्पर्श कळतो, त्याने पिशवी अडकवता येते, भाजी दाबून धरता येते. रबरी हात दिसायला हात असतो, पण काम फारसं करत नाही. खांद्याच्या हालचालीने दोरीवर उघडमिट होणारा हुक कामाला चांगला, पण लोक बघत राहतात. समजा तुमचं दुसरं पात्र सुनंदा, कारखान्यात काम करणारी, एक हात गेलेली. ती कारखान्यात एक गोष्ट वापरेल, हळदीकुंकवाला दुसरी, आणि घरी काहीच नाही.

४. एक पूर्ण दिवस लिहून काढा

हा दिवस कथेत छापायचा नाही, तो तुमच्यासाठी आहे. पहाटेपासून सुरू करा. रात्री पाय काढून झोपलेला माणूस तीन वाजता लघवीला उठतो तेव्हा काय करतो? कुबड्या हाताशी आहेत का, की भिंत धरून एका पायावर उड्या मारत जातो? संडास भारतीय पद्धतीचा असेल तर? चाळीत सामायिक असेल तर? आंघोळ बहुधा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होते आणि कृत्रिम पाय बाथरूमच्या बाहेर भिंतीला टेकलेला असतो. कुणी तो हलवला तर माणूस आत अडकतो. भांडणात बायकोने पाय उचलून दुसऱ्या खोलीत नेला, ही कृती थोबाडीत मारण्यापेक्षा क्रूर आहे आणि लिहायला अवघड आहे.

मग ऋतू घ्या. मे महिन्यात सॉकेटमध्ये घाम साचतो, पाय सटकायला लागतो, दुकानात काउंटरमागे बसून तो काढून पुसावा लागतो. पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर कुबडीचं रबरी बूच घसरतं. निफाडच्या थंडीत स्टंप ठणकतो, असं बरेच जण सांगतात.

जिन्याचा नियम लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. निदान सुरुवातीला सगळ्यांना असंच शिकवतात. आता ही दोन वाक्यं बघा.

‘अपंगत्वावर मात करत रवी जिद्दीने पांडवलेणी चढून गेला.’

‘पांडवलेण्यांच्या अर्ध्या पायऱ्यांवर रवी कठड्याला टेकला. पुढची पायरी बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होती. त्याने उजवा पाय वर ठेवला, कठडा धरला, आणि मागून येणाऱ्या शाळेच्या मुलांना आधी जाऊ दिलं.’

दुसऱ्यात जिद्द हा शब्द नाही. एक उंच पायरी आहे आणि गर्दीत धक्का लागू नये म्हणून थांबायची सवय आहे.

नाशिकमध्ये कथा घडत असेल तर रामकुंड येणारच, आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय तेव्हा बऱ्याच जणांच्या लेखणीत येईल. स्नानाचा प्रसंग नीट विचार करून लिहा. जयपूर फुटाचं पाऊल ओलं झालं तरी चालतं, पण सॉकेटमधला भिजलेला मोजा कातडी सोलतो, म्हणून बरेच जण पाय काढूनच पाण्यात उतरतील. मग शेवाळलेल्या पायरीवरून बसत बसत उतरायचं. तेवढा वेळ पाय कुणाकडे द्यायचा? भावाकडे? ओळख नसलेल्या बाईकडे? बाहेर येऊन ओला स्टंप पुसून पूर्ण वाळेपर्यंत बसून राहायचं, मागून गर्दी सरकतेय. देवळात आणखी एक अडचण असते. बुटाच्या टाचेच्या उंचीनुसार जुळवलेलं पाऊल बूट काढल्यावर माणसाला मागे झुकवतं, आणि गाभाऱ्याच्या रांगेत तासभर असं उभं राहिलं की गुडघा आणि कंबर धरते.

सुनंदाचा दिवस हाताचा आहे. उजवा हात गेला असेल तर प्रसाद डाव्या हातात घ्यावा लागतो आणि पुजारी क्षणभर थांबतो. पंगतीत डाव्या हाताने जेवताना शेजारची आजी काहीतरी पुटपुटते. बँकेत सही जुळत नाही. परकराची नाडी, ब्लाउजचे हूक, केसांची वेणी, निऱ्या, यांतलं ती काय स्वतः करते, काय मुलीकडून करून घेते आणि कशासाठी मुलीकडे मागायचं टाळते? विळीवर कांदा चिरताना विळीचा पाट पायाने दाबलेला असतोच, कांदा स्टंपने धरला की काम होतं. भाकरी एका हाताने थापता येते, वेळ लागतो.

५. नसलेल्या अवयवाची वेदना

कापलेला पाय ‘आहे’ असं वाटत राहणं हे फार सर्रास घडतं. सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवरून १८७१ मध्ये याचं वर्णन ‘फँटम लिंब’ या नावाने केलं. १९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाचा उपाय सुचवला: शाबूत हाताचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा आणि हात हलवायचा. काहींची मुठीत आवळून धरल्यासारखी कळ त्याने सैल होते.

कथेत हे लिहिताना दोन वेदना वेगळ्या ठेवा. स्टंप दुखणं म्हणजे तिथली जखम, नस किंवा सॉकेटची घासण. नसलेल्या अंगठ्यात वीज चमकल्यासारखी कळ येणं ही दुसरी. नुसती जाणीव असणं आणि वेदना असणं हेही वेगळं: अंगठ्याला खाज येते आणि खाजवायला अंगठा नाही, यात दुखणं नसलं तरी माणूस वैतागतो. पुष्कळांची वेदना काळाबरोबर कमी होते, काहींची होत नाही. पहिल्या महिन्यांत अर्धवट झोपेत पाय आहे समजून उठणं आणि पडणं वारंवार होतं. याला भुताटकी, पूर्वजन्म किंवा अपराधाची टोचणी असा अर्थ देऊ नका.

६. बघणारी माणसं आणि त्यांची भाषा

‘काय झालं हो?’ हा प्रश्न रिक्षावाला, केश कापणारा, लग्नातला दूरचा काका, सगळे विचारतात. त्यामुळे बऱ्याच जणांकडे एक आखूड उत्तर तयार असतं, ‘गाडीवरून पडलो.’ लांब उत्तर फार थोड्यांना मिळतं. तुमचं पात्र ते कुणाला देतं, यावरून नातं कळतं. म्हणून अपघाताची हकिगत पहिल्या पानावर सांगून टाकू नका. ती पात्राच्या ताब्यात राहू द्या.

लंगडा, थोटा, पांगळा हे शब्द पात्रांच्या तोंडी येतील, गावात बोलले जातातच. निवेदकाच्या तोंडी येऊ देऊ नका. सरकारी कागदावर दिव्यांग असतं, जुनी माणसं अपंग म्हणतात, आणि स्वतः तो माणूस बहुतेक वेळा म्हणतो, ‘माझा पाय नाही.’ मित्र चिडवतील, तोही चिडवेल. ती मुभा मित्राला आहे, नव्या शेजाऱ्याला नाही.

स्टंप पहिल्यांदा दिसण्याचा प्रसंग भयकथेसारखा रंगवू नका. ती कातडी आहे, टाक्याची रेषा आहे, हिवाळ्यात तिला खोबरेल लावावं लागतं. प्रेमाच्या प्रसंगातही तो असू द्या. पाय काढायचा की ठेवायचा, दिवा मालवायचा का, हे प्रश्न त्या दोघांचे आहेत. ‘तरीही त्याने तिला स्वीकारलं’ या वाक्यात तिची इच्छा कुठेच नसते. ते वाक्य काढा.

७. कागद आणि पैसा

हा भाग लेखक टाळतात, आणि मराठी मध्यमवर्गीय वा कामगार घरात सगळ्यात जास्त बोलणं याचंच चालतं. ‘किती टक्के मिळाले?’ म्हणजे अपंगत्वाचं प्रमाणपत्र किती टक्क्यांचं. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डापुढे जायचं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली ४० टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती आणि सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण लागू होतं.

सुनंदाची केस कामगार भरपाईच्या कायद्याखाली गेली तर (आधी १९२३ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) तिथे अवयवांचा तक्ता आहे: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरतात, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, संरक्षण असेल तर मार्ग वेगळा, तिथून दरमहा रक्कम मिळते. आणि ती ठेकेदारामार्फत आली असेल, हजेरीपटावर तिचं नावच नसेल, तर ती तिथे कामाला होती हेच आधी सिद्ध करावं लागेल. सोबतची बाई साक्ष देईल का? तिचीही नोकरी त्याच शेडमध्ये आहे. माझ्या मते यात कोणत्याही शर्यतीपेक्षा मोठी कथा आहे.

८. ठरलेले शेवट तपासा

कृत्रिम पायावर एव्हरेस्ट चढणाऱ्या अरुणिमा सिन्हा आहेत, २०१९ मध्ये पॅरा-बॅडमिंटनचं जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या मानसी जोशी आहेत, आठ वर्षांचे असताना विजेच्या धक्क्याने हात गमावून पुढे भालाफेकीत दोन पॅरालिम्पिक सुवर्णं आणणारे देवेंद्र झाझरिया आहेत. त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव, प्रशिक्षक आणि पैशांची ओढाताण आहे. खेळाडूची कथा लिहायची तर तो सराव लिहा. नसेल तर रवीला पदक देऊ नका, त्याला चांगली प्रकाशयोजना करू द्या किंवा वाईट करू द्या.

खलनायकाला हुक देऊन भीती वाढवणं, पापाची शिक्षा म्हणून पाय जाणं, इतरांना शहाणं करण्यासाठी जगणारी संत बाई, आणि शेवटी मरून सगळ्यांची सोय करणारा भाऊ, हे चारही कच्च्या खर्ड्यातच कापा. पात्र खोटारडं, आळशी, चिक्कू, रंगेल असायला हरकत नाही. फक्त त्याचं कारण पायात शोधू नका.

९. विचारायचं कसं आणि दाखवायचं कुणाला

माहिती घ्यायला दोन प्रकारच्या माणसांकडे जा: कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ आणि स्वतः ते वापरणारे. तंत्रज्ञाकडे तासभर बसलात तर प्लॅस्टरचं माप, तापवलेलं प्लास्टिक, घासून कमी केलेली कड, आणि ‘इथे टोचतंय’ म्हणणारा माणूस, असं बरंच दिसेल. बसण्याआधी तिथे आलेल्यांची परवानगी घ्या.

वापरणाऱ्या माणसाला अपघाताचं विचारून सुरुवात करू नका. ‘काल दिवसभरात काय काय केलंत?’ एवढंच विचारा. वेळेचे पैसे द्या, निदान देऊ करा. त्यांनी सांगितलेला प्रसंग जशाच्या तसा उचलणार असाल तर तसं आधी सांगा, आणि गाव, व्यवसाय, नातेवाईक ओळखू येणार नाहीत असं बदला.

खर्डा झाल्यावर तो अवयव गमावलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्या, शक्यतो तुमच्या पात्राचा अवयव जिथून गेला तिथूनच ज्याचा गेला आहे अशा. गुडघ्याखालून पाय गेलेल्याला मांडीतून गेलेल्याचे सगळे त्रास माहीत असतीलच असं नाही. ‘कथा आवडली का?’ असं विचारलंत तर लोक भिडेपोटी हो म्हणतात. त्याऐवजी पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे ‘असं होत नाही’ वाटेल तिथे फुली मारा. फुल्या आल्या की वाद घालू नका, त्या जागेवर खरं काय होतं ते विचारून लिहून घ्या. अंक छापून आला की एक प्रत त्यांच्या घरी पोहोचवा.